गच्चीवर उभा हाय, बोला

रविवार, १८ मे. सकाळी साडेसात. ठिकाण : काकांची गच्ची.

हजर : संगीता, म्हणजे काकांची सून, हे घर आता तीच बघते. रामराव ग्रामसेवक, माझ्या वेळी ते खालच्या दुसऱ्या खोलीत भाड्याने राहायचे, आता निवृत्तीला वर्ष उरलंय. माझे मिस्टर, पंधरा मिनिटं उशिरा, कारण त्यांना गाडी सावलीतच लावायची होती. माझी मुलगी, जूनमध्ये सहावीत जाईल. आणि मी.

ज्यांच्यासाठी जमलो ते काका नव्हते. आदल्या दिवशी त्यांचं वर्षश्राद्ध झालं होतं.

चहा झाल्यावर संगीता म्हणाली, "बाई, तुमच्याकडं सदा वही असतीच. बाबांचं जरा लिहून ठेवा ना. आम्ही सांगाया गेलो की नुसत्या गमती होतात."

"गमतीच तर होत्या," रामराव म्हणाले.

मी वहीत नवा क्रमांक घातला, समोर लिहिलं : काकांवर दोन-चार पानं, मुदत दोन आठवडे. मुदतीला अजून तीन दिवस आहेत.

काका आमचे घरमालक. जळकोट तालुक्यातल्या त्या गावच्या शाळेवर मी शिक्षिका होते आणि तीन वर्षं त्यांच्या खालच्या खोलीत राहिले. तेव्हा गावात मोबाइल घरोघरी होता आणि रेंज कुठंच नव्हती. देवळामागे एखादी काडी यायची, वारा सुटला की जायची. पक्की रेंज एकाच ठिकाणी, काकांच्या गच्चीवर. घर उंचवट्यावर, गच्ची त्याहून उंच, समोर मोकळा उतार.

हा शोध काकांनीच लावला, तोही त्यांच्या रीतीने. नोकरीभर ते मोजणी खात्यात साखळी ओढत. बांधावर साखळी टाकायची, खूण करायची, पुढं सरकायचं. त्याच शिस्तीने मुलाचा फोन हातात धरून त्यांनी सगळी गच्ची पालथी घातली, आणि जिथं काड्या पुऱ्या भरल्या तिथं चुन्याने चौकोन आखला. असे चार चौकोन झाले. कोणत्या कंपनीचं कार्ड असेल तर कोणत्या चौकोनात उभं राहायचं हे ठरलेलं. पाय बाहेर पडला की जिन्यातून आवाज यायचा, "बांध ओलांडू नका!"

सगळं गाव तिथं फोन करायला यायचं. काकांनी कोणाला अडवलं नाही. अट एकच, आणि ती जिन्याच्या तोंडाशी गेरूने लिहिलेली : इथं खोटं बोलायचं न्हाई.

नव्या माणसाला वाटायचं, शाळेच्या भिंतीवर असतं तसं काहीतरी लिहिलंय. पहिल्या फोनला त्याला कळायचं. काका जिन्याच्या वरच्या पायरीवर पोतं टाकून बसलेले असत, कान शाबूत. कोणी फोनवर म्हणालं, "बसमध्ये बसलोय, अर्ध्या तासात पोचतो," की तिथूनच ते असे ओरडत की पलीकडच्यालाही ऐकू जावं : "पाव्हणं, ह्यो बसमध्ये न्हाई! आमच्या गच्चीवर हाय! पायात चप्पल बी न्हाई!"

रामरावांना हा प्रसाद सगळ्यात जास्त मिळाला. साहेबांचा फोन आला की ते नेमाने म्हणायचे, "सर, साइटवरच आहे." एकदा काका उठून त्यांच्या शेजारी गेले आणि फोनकडे तोंड करून म्हणाले, "साहेब, साइट म्हंजे आमची गच्ची. रामराव दाढी करून राहिले. एकच गाल झालाय."

रामराव दोन दिवस काकांशी बोलले नाहीत. साहेबांना मात्र युक्ती सापडली. पुढं रामरावांनी कुठूनही फोन केला की ते विचारत, "गच्चीवर आहात का? नसाल तर तिथं जा आणि मग बोला."

हळूहळू ही गोष्ट शिवारभर झाली. म्हैस विकणारा गिऱ्हाइकाला सांगायचा, "गच्चीवरून बोलतोय, सहा लिटर म्हंजे सहा लिटर." सोयरिकीची बोलणी मुद्दाम तिथून होऊ लागली. काकांनी स्वतःच्या मुलाची सोयरीक तिथूनच जमवली. उदगीरच्या पाहुण्यांना त्यांनी सांगितलं, "पोरगं कामाचं हाय, व्यसन न्हाई, पण सकाळी आठाशिवाय उठत न्हाई. मारून बघितलं, पाणी टाकून बघितलं."

परवा हे निघालं तेव्हा संगीता म्हणाली, "म्हणून तर माझ्या वडलांनी दिलं मला ह्या घरात. बाकीच्यांची सगळी पोरं चारला उठणारी होती."

काकांचा स्वतःचा फोन बटणांचा. कापडी पिशवीत, गळ्यात. वाजला की पिशवीची नाडी सोडेपर्यंत निम्मे फोन बंद पडायचे. उचलला गेलाच तर आधी पत्ता : "हॅलो. मी गच्चीवर, चिंचेकडच्या चौकोनात उभा हाय. बोला." हे जावयालाही आणि चुकून लागलेल्या फोनलाही. गाण्याची योजना विकायला एका मुलीचा फोन आला, तिलाही तेच. ती गोंधळली. म्हणाली, "सर, मी... मी ऑफिसात आहे. तिसऱ्या मजल्यावर."

"आता कसं," काका खूश झाले. "बोल लेकी, काय म्हणतीस?" घेतलं काहीच नाही, पण दहा मिनिटं बोलले.

मी एकदा विचारलं, काका, हे पत्ता सांगणं कशासाठी?

"तारेचा फोन व्हता बाई, तवा कुणी इचारत व्हतं का, कुठं हायस म्हणून? तार जिथं, माणूस तिथं. आता दोरी सुटली. ज्याची दोरी सुटली त्यानं आपण होऊन सांगाया पाहिजे." जरा थांबून म्हणाले, "साखळीचं एक टोक माझ्या हातात, एक दुसऱ्याच्या. मधी ढिली पडली की मोजणी गलत. आन् मोजणी गलत झाली की दोघं भाऊ जन्मभर कोर्टात."

हे सगळं ऐकायला गोड लागतं. राहायला तसं नव्हतं. नवराबायकोला भांडायची सोय नव्हती, कारण भांडणात निम्मं खोटं लागतंच. शेजारची एक नवी नवरी माहेरी फोन करून "सुखात आहे" म्हणाली आणि काकांनी खाकरून तिला रडवलं. (मग काकूंनी तिला खाली नेऊन जेवू घातलं आणि काकांना दोन दिवस शिळी भाकरी.) दर पाडव्याला काका भाडेकरूची खोली फूटपट्टी लावून मोजायचे. का, तर बघून घ्यावं. माझ्या वहीत त्यांच्याविरुद्ध एक पान होतं. बारा तक्रारी. मी त्या सांगणार होते, खोली सोडताना.

माझी स्थिती त्या वेळी अशी होती. मी या गावात, मिस्टर पलीकडच्या तालुक्यात शाळेवर, आणि दोन वर्षांची मुलगी नांदेडला माझ्या आईकडे. मुलीला पहिल्या थंडीत न्यूमोनिया झाला होता, त्यानंतर आईने तिला दवाखान्यापासून लांब पाठवायला नकार दिला. बरोबरच होतं. मी शनिवारी शाळा सुटल्यावर नांदेडची गाडी धरायची आणि सोमवारी पहाटे परत. मधले पाच दिवस मुलगी फोनमध्ये.

रोज संध्याकाळी सहाला मी तिसऱ्या चौकोनात उभी राहायचे. आई तिकडे फोन भिंतीला टेकवून ठेवायची. मुलगी चपातीचा तुकडा मोडायची आणि माझ्या तोंडावर, म्हणजे काचेवर, दाबायची. मी खाल्ल्यासारखं करायचे. मग ती विचारायची, "आई, कधी येनाल?" आणि मी म्हणायचे, "उद्या."

महिनाभर रोज उद्या. लेकराच्या फोनवर काका ओरडत नसत.

एका मंगळवारी मी उद्या म्हणाले आणि मागं पोतं सरकल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं. काका पोत्यावरून उठून उभे होते. ते मला नेहमी बाई म्हणत. त्या दिवशी म्हणाले, "पोरी, फोन ठेव."

मी ठेवला.

"आज वार कोणता?"

"मंगळवार."

"उद्या जाणार हायस नांदेडला?"

"काका, दोन वर्षांचं लेकरू आहे. त्याला वार कळतात का?"

"वार कळत न्हाईत. उद्या कळतंय. रोज सकाळी उठून दार बघत असंल ते."

मला राग आला. खाली येऊन दार लावून घेतलं. पण दुसऱ्या संध्याकाळी आईला फोनवर मुलगी सकाळी काय करते ते विचारलं, तर आई म्हणाली, "उठली की आधी चप्पल घालते. तुला सांगितलं नाही, म्हटलं जिवाला लावून घेशील."

काकांनीच उपाय सांगितला. मोजून सांग, म्हणाले. मी शनिवारी जाताना त्यांच्या चिंचेचे पाच चिंचोके नेले. आईने ते वाटीत ठेवले. रोज आमचा फोन झाला की मुलीने एक उचलून डब्यात टाकायचा. वाटी रिकामी झाली की आई. पहिल्या आठवड्यात तिने एकदम दोन टाकून पाहिले. मी आले नाही. तिसऱ्या आठवड्यापासून ती मलाच सांगायला लागली, "आई, अजून दोन." सकाळची चप्पल थांबली. पाचापर्यंतचे आकडे तिला असे आले, माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीत मी कोणाला इतक्या लवकर शिकवले नाहीत.

पण पाच चिंचोके म्हणजे पाच दिवसच. ते कमी व्हायचे तर बदली हवी होती.

त्या हिवाळ्यात बदल्यांचे ऑनलाइन अर्ज निघाले. नवराबायको दोघं शिक्षक असतील आणि दोघांच्या शाळांमध्ये रस्त्याने तीस किलोमीटरहून जास्त अंतर असेल, तर प्राधान्य. आमच्या दोन शाळांमध्ये एसटीच्या रस्त्याने चौतीस. प्राधान्य मिळालं तर मला मिस्टरांच्या गावाशेजारची शाळा मिळणार, तिथून दवाखाना दहा मिनिटांवर, आणि मुलगी आमच्याकडे येणार. नाही मिळालं तर साध्या यादीत माझा नंबर यायला मुलगी शाळेत जाऊ लागली असती.

मी कागदांची यादी केली. बारा कागद. एसटीकडून अंतराचा दाखला घेतला, त्यावर चौतीस. सगळं झालं. मग मला वाटलं, एका पुराव्यापेक्षा दोन बरे. जळकोटला ऑनलाइनच्या दुकानात जाऊन मी फोनमधल्या नकाशाची एक प्रत काढून घेतली. दोन गावांची नावं दिसली, मधे रेघ दिसली. टाचणी लावली, अर्जासोबत चढवली, यादीत तेरावी ओळ लिहून तिच्यापुढे खूण केली. रेघेवर आकडा काय छापलाय ते वाचलं नाही. यादीत खूण झाली की माझं डोकं तिथून निघतं. हा दोष अजून आहे.

आकडा होता सव्वीस.

आठ दिवसांनी अर्जावर आक्षेप आला. जोडलेल्या नकाशात अंतर सव्वीस, दाखल्यात चौतीस. तीन दिवसांत खुलासा द्या, नाहीतर चुकीची माहिती दिली म्हणून अर्ज बाद आणि पुढची कारवाई. गच्चीवर उभं राहून मी ते तीन वेळा वाचलं. मिस्टरांना फोन केला, ते म्हणाले, "तू नकाशा जोडलास कशाला?"

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर असताना तालुक्याच्या ऑफिसातल्या बाबूंचा फोन आला. तरुण होते, स्वभावाने बरे. म्हणाले, "बाई, घाबरू नका. दुकानदारानं चुकून दुसऱ्याच कुणाचा कागद जोडला, असं दोन ओळी लिहून द्या. तो कागद बाजूला होईल, दाखला राहील. काम झालं."

मी लगेच मान डोलावली. म्हणाले, "हो ना सर, त्या दुकानदारानंच..."

"खोटं!"

काका तीन ढांगांत आले. मी फोन छातीशी धरला. त्यांनी हात पुढे केला, आणि मला अजून समजत नाही, पण मी दिला.

"हॅलो. मी गच्चीवर, तिसऱ्या चौकोनात उभा हाय. कागद बाईनं स्वतः जोडला. टाचणी माझ्याकडनं नेली व्हती."

मग बाबू म्हणाले, "मग मला काही करता येणार नाही, काका." फोन बंद झाला.

मी काकांना काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. त्यातलं एक वाक्य असं होतं की, तुमच्या भिंतीवरच्या सुविचारावर माझं लेकरू मोठं होणार नाही.

काका म्हणाले, "चौतीस खरं का सव्वीस?"

"चौतीस! रोज एसटी जाते त्या रस्त्यानं!"

"मग खऱ्याला खोट्याचा टेकू कशाला लावून राहिलीस?"

मी खाली आले. रामरावांना सांगितलं, गावात दुसरी खोली बघा. रामराव म्हणाले, "खोली मिळंल, रेंज कुठनं आणणार?"

दिवे लागायच्या सुमारास काका दाराशी आले. डोळ्यांवर चष्मा, हातात काहीतरी विचारायला आलेल्या माणसासारखी टोपी. "बाई, ती रेघ दाखवा."

आम्ही परत वर गेलो. मी नकाशा उघडला. त्यांना पडद्यावरचं वाचायची सवय नव्हती. बोट लावलं की नकाशा पळायचा आणि ते दचकून हात मागे घ्यायचे. मग त्यांनी हात पाठीशी बांधले आणि नुसतं पाहिलं. निळी रेघ गावातून निघत होती, ओढ्यापाशी वळत होती, आणि सरळ जात होती.

"ही शिव," ते पुटपुटले. "ह्यो वड्याचा वळसा. हितं म्हसोबा... बाई, ह्यो तर जुना रस्ता!"

"म्हणजे?"

"म्हंजे ह्यो तळ्यात गेला. साठवण तलाव झाला तवा बुडाला. बुडायच्या आधी मीच मोजला की, साखळी टाकून!" आणि काका हसले. तीन वर्षांत मी त्यांना इतकं मोठ्यानं हसताना पाहिलं नव्हतं. "तुमचा नकाशा खोटं बोलून राहिलाय बाई! आन् ते बी माझ्या गच्चीवर!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने ते तालुक्याला गेले. मला सांगितलंही नाही. काय झालं ते बाबूंनी नंतर सांगितलं. काका त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले, आधी आपण कुठं उभे आहोत ते सांगितलं, आणि म्हणाले, "दाखला म्हणतोय चौतीस, फोन म्हणतोय सव्वीस. दोघांतलं एक खोटं. बसून ठरवता का बघून?" बाबू साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, मुदत उद्यापर्यंत आहे, जाऊन बघून या.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी बाबू मोटारसायकलवर आले. काका त्यांच्या मागे बसले, हातात माझा फोन, आवाज पूर्ण मोठा. मागे माझी स्कूटी, माझ्यामागे रामराव. फोनमधली बाई रस्ता सांगू लागली. सरळ जा. डावीकडे वळा. काका प्रत्येक वेळी मान डोलवत. "आतापातूर खरं बोलून राहिलीय," असं ते बाबूंना सांगत होते. म्हसोबापाशी डांबर संपलं. पुढं गाडीवाट, मग बाभळी, मग पाणी. त्या वर्षी पाऊसकाळ चांगला झाला होता. तळं काठोकाठ, वर बगळे.

गाड्या थांबल्या. फोनमधली बाई म्हणाली, "चारशे मीटर सरळ जा."

काकांनी फोन तोंडाजवळ धरला. "तू हो पुढं, बाई. आम्ही येतो मागनं."

बाबूंनी गाडी स्टँडला लावली आणि खाली बसून हसले. रामराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला हसू येत नव्हतं, मी घड्याळ बघत होते. काकांनी बाबूंना बूट काढायला लावले. पाण्यात घोटाभर उभं केलं, एका हातात माझा फोन, निळी रेघ दिसेल असा, आणि रामरावांना त्यांचा फोटो काढायला लावला. "पाणी, फोन, माणूस, तिन्ही एकात आलं पाहिजे," ते सांगत होते. "नायतर उद्या म्हणतील पाणी येगळं, रेघ येगळी."

मग माझ्या शाळेपासून एसटीच्या रस्त्याने मोजणी. बाबूंच्या गाडीच्या काट्यावर काकांचा विश्वास नव्हता. ते रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोठ्याने मोजत चालले. एकोणीस झाला आणि वीस दिसेना. काकांनी गाडी थांबवली. बाबू म्हणाले, "काका, एका दगडानं काय होतंय?"

"दगड खोटं बोलत न्हाई. पडला असंल तर गप बसतो," म्हणत ते रस्त्याकडेच्या घाणेरीच्या झुडपांत शिरले. वीस मिनिटांनी तो दगड सापडला, पालथा. तिघांनी मिळून सुलटा केला. तेव्हा कुठं पुढं निघालो. मिस्टरांच्या शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा शाळा सुटायची घंटा झाली होती. काका उतरून म्हणाले, "चौतीस. वर थोडं हाय, ते सोडून दिलं."

पंचनामा परत येऊन गच्चीवर लिहिला. बाबूंनी लिहिला, रामरावांची आणि काकांची साक्षीला सही. माझा खुलासा मी वेगळा लिहिला : नकाशाची प्रत मी स्वतः जोडली, न वाचता जोडली, त्यातला रस्ता पाण्याखाली आहे. ओळी एवढ्याच. लिहिताना एकदाही पेन अडलं नाही. कागद मुदतीच्या आत पोचला.

बदली झाली. खोली सोडायच्या दिवशी मी वही काढून बारा तक्रारींचं पान उघडलं होतं. काका आले, खोली मोजली, म्हणाले, "बराबर हाय." मी त्यांच्या पाया पडले. वही न वाचताच मिटली. मुलगी त्याच आठवड्यात नांदेडहून आली ती कायमची.

माझं आज जे घर आहे, तिघांचं, एका छपराखालचं, ते त्या माणसाने माझ्या तोंडातला खोटा शब्द अडवला म्हणून आहे. तो शब्द गेला असता तरी कदाचित बदली झाली असती. पण कोणीतरी कधीतरी तो कागद वर काढेल म्हणून मी दर बदलीला घाबरले असते. तसं झालं नाही. मी निवांत झोपते. याबद्दल मी त्यांचे आभार मानले होते का, असं परवा मिस्टरांनी विचारलं. मानले होते. दोनदा. दोन्ही वेळा काका म्हणाले, "आभार काय, दगड मोजले."

पुढं गावाजवळ टॉवर झाला. चुलीपाशी बसून फोन लागायला लागला. गच्चीवर येणारे कमी झाले, मग बंद झाले. काका मात्र वेळेवर वर जाऊन बसत. दर रविवारी मला फोन यायचा. पत्ता सांगून झाला की पहिला प्रश्न, "ती रेघ निघाली का?"

निघाली नव्हती. नकाशात चूक असेल तर कळवायची सोय फोनमध्येच असते. मी पहिल्या वर्षीच कळवलं होतं. उत्तर आलं, तपासणी सुरू आहे. मग आलं, हा बदल सध्या करता आला नाही. मी परत कळवलं. परत तेच. काकांना ही गोष्ट पटायची नाही. "माणूस खोटं बोलला तर तोंड तरी दिसतंय," ते म्हणायचे. "हिला धरायचं कुठं?"

मग एका पावसाळ्यात लग्नाहून परतणारा तेलंगणाकडचा टेम्पो त्या रेघेवरून थेट तळ्यापाशी आला. ड्रायव्हरने पाण्यात चाकं गेल्यावर ब्रेक मारला. आत चौदा माणसं, त्यात लेकरं. काका ऐकून तसेच निघाले. दुसऱ्या दिवसापासून म्हसोबापाशी त्यांचा पत्रा उभा होता, चुन्याने लिहिलेला : नकाशा खोटा. पुढं पाणी. दरवर्षी पावसाच्या आधी ते अक्षरं गिरवून यायचे. मागच्या वर्षी गिरवायचे राहिले.

परवा गच्चीवर हेच बोलणं निघालं. रामराव म्हणाले, "बाई, आपण सगळेच हाय. पाची जणांनी पाठवू. एकाचं ऐकत नसतील, पाचांचं ऐकतील." ऊन व्हायच्या आत आम्ही पाची जण म्हसोबापाशी गेलो. पत्रा एका खिळ्यावर लोंबत होता, त्यावर पांढरे डाग उरलेत, अक्षर एक नाही. मी फोनमध्ये फॉर्म उघडला. रस्ता बंद आहे का? हो. का? पाणी. त्या जागेचा आत्ता काढलेला फोटो जोडा.

आम्ही बाभळी ओलांडून पुढं गेलो.

तळं कोरडं होतं. मे महिना. तळाला भेगा पडलेल्या, आणि मधोमध जुना रस्ता, दोन्ही कडांना दगड लावलेले, चाकोऱ्या अजून तशाच. त्यावरून गाळ भरलेला एक ट्रॅक्टर आमच्याकडे येत होता. ड्रायव्हरने हात केला.

मुलगी म्हणाली, "आई, हा तर चालू आहे."

"मागं पाण्यातला फोटो काढला होता तो हाय माझ्याकडं," रामराव म्हणाले. "बाबू, पाणी, समदं. तोच टाकू. कुणाला काय कळतंय?"

संगीताने त्यांच्याकडे पाहिलं. मिस्टर ट्रॅक्टरकडे पाहत राहिले. रामरावांनी फोन खिशात घातला आणि म्हणाले, "बरं, राहू द्या."

पत्रा आम्ही दोन खिळे ठोकून बसवला आणि संगीताने घरून चुना आणून अक्षरं गिरवली, वर 'पावसाळ्यात' एवढं जोडून. ते झालं. दुसरं वहीत असं आहे :

काम : तळ्यात पाणी चढलं की त्याच दिवशी जागेवर जाऊन फोटो काढणे, रस्ता बंद असल्याचं पाची फोनवरून कळवणे. पाणी चढल्याचा फोन : संगीता. फोटो : रामराव. फॉर्म : मी. मुदत : पाऊस पडेल तशी.

समोर अजून खूण नाही.